धावणाऱ्याचा खुराक

औंध म्हटले की जुन्या पिढीच्या वाचकांना दोन गोष्टी हटकून आठवतात : यमाईचा डोंगर आणि सूर्यनमस्कार घालणारा राजा. डोंगर आजही गावाच्या उशाशी उभा आहे. राजाला जाऊन मात्र सात दशके उलटली. १९०९ ते १९४७ या काळात या चिमुकल्या संस्थानाचे अधिपती असलेले बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, हे चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि व्यायामाच्या बाबतीत तर जवळजवळ प्रचारकच होते. सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानच्या शाळांतून सक्तीचे केले. १९३८ साली लंडनमध्ये त्यांच्या व्यायामपद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या आडगावच्या राजाचे नाव इंग्लंडमधल्या आरोग्यप्रेमी मंडळींच्या तोंडी झाले. त्यांचे चिरंजीव, मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांनीही पुढे या विषयावर लेखन केले.

संस्थान लहान, आणि तेही एकसंध नव्हे. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात मोडते, तर त्याच संस्थानची आटपाडी आणि कुंडल ही गावे सांगली जिल्ह्यात गेली आहेत. पाऊस मात्र या सगळ्या मुलखाला सारखाच हुलकावणी देतो. अशा कोरड्या, उघड्या माळरानावर राज्य करणाऱ्या माणसाने प्रजेला असा व्यायाम सुचवला की ज्याला तालीम लागत नाही, हत्यार लागत नाही, प्रतिस्पर्धी लागत नाही आणि ज्यात कोणी हरत नाही. मला त्या राजाचे जे कौतुक वाटते ते यासाठी. मी स्वतः नमस्कार घालीत नाही. मी धावतो. पण पदकाची आशा नसताना, केवळ शरीराला बरे वाटते म्हणून रोज पहाटे घाम गाळणाऱ्या माणसाला औंधात तरी कोणी वेड्यात काढू नये, अशी माझी समजूत होती.

पत्नीची परिचारिकेची नोकरी आम्हाला या भागात घेऊन आली. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. मुले आपापल्या मार्गाला लागलेली. आमचे मूळ गाव वसईचे. ज्यांनी वसईची पट्टी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की तेथे चढ म्हणून पाहायचा तर एखाद्या पुलाचाच. भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर मी पंधरा वर्षे धावलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे सुरूची झाडे, आणि पायाखाली परातीसारखी सपाट जमीन. तेथे वेग हाच एक हिशेब होता. किती मिनिटांत किती किलोमीटर, एवढेच पाहायचे.

यमाईच्या डोंगराने हा हिशेब पहिल्याच आठवड्यात रद्द केला. पायथ्यापासून माथ्यावरच्या मूळपीठापर्यंत पायऱ्याही आहेत आणि गाडीरस्ताही. वाटेत डोंगराच्या अंगावरच बाळासाहेबांनी १९३८ साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय लागते. या खेड्यातल्या संग्रहालयात हेन्री मूरचे शिल्प आहे हे सांगितले तर पाहुण्यांना खोटे वाटते. मी गाडीरस्त्याने चढू लागलो. सपाटीवर ज्या वेगाने मी सहज गप्पा मारीत धावत असे, त्याच्या निम्म्या वेगातही तोंडातून शब्द फुटेना. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. संग्रहालयाच्या फाटकापाशी मी चालू लागलो, आणि डोक्यावर पूजेचे ताट घेऊन पायऱ्या चढणाऱ्या दोन म्हाताऱ्या माझ्याआधी वर पोहोचल्या.

चढाची विद्या त्या दिवसापासून सुरू झाली. तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना ती नवी वाटेल. सपाटीवर धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी असतो. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला किलोमीटरमागे ६५. शंभर पावलांत दहा पावलांची उंची गाठणारा चढ आला की हा खर्च दीडपटीच्याही वर जातो. मग कोणी म्हणेल, उतरताना तो वसूल होईल. तसे होत नाही. तेवढ्याच उतारावर खर्च कमी होतो खरा, पण चढताना जेवढा जादा गेला तेवढा परत मिळत नाही. डोंगराच्या व्यवहारात दलाली कापली जाते, असे मी पत्नीला सांगितले. तेव्हा ती म्हणाली, “बँक सुटली, पण तुमची भाषा सुटली नाही.”

खर्च वाढतो म्हणून वेग कमी करायचा, ही पहिली गोष्ट. डोंगरावर घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. सपाटीवर जेवढी धाप लागते तेवढीच चढावर लागू द्यावी. मग वेग जो होईल तो होवो. पाऊल आखूड टाकावे, पण पावलांची लय सोडू नये. कमरेत वाकून डोंगराला नमस्कार घालू नये. घोट्यापासून सगळे शरीर किंचित पुढे झुकलेले असावे आणि नजर चार-सहा पावले पुढे. माथ्याकडे पाहिले तर मन खचते. आणि जेथे चालणे धावण्याइतकेच जलद होते तेथे खुशाल चालावे. त्या दोन म्हाताऱ्यांनी हे मला न बोलता शिकवले होते.

चढाहून कठीण असतो तो उतार. चढ फुप्फुसांची परीक्षा घेतो, उतार मांड्यांची. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि या उलट्या कामाने त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्याच दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. मात्र निसर्गाची एक गंमत अशी की हाच मारा स्नायूंनी एकदा सोसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच माऱ्याने ते तेवढे दुखत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा, थोडाथोडा उतार अंगवळणी पाडत गेलो. चार महिन्यांत मी न थांबता मूळपीठापर्यंत जाऊ लागलो. वेग म्हणाल तर मुंगीचा. पण वर पोहोचल्यावर खाली औंध गाव, पलीकडे शाळूची शेते आणि दूरवर निळसर टेकड्यांच्या रांगा दिसत. भुईगावचा समुद्र आठवून मन थोडे हळवे होई, आणि मग भूक लागे.

भूक हा खरा विषय. आठवड्याला मी सुमारे ३५ किलोमीटर धावतो. त्याचा हिशेब पत्नीने पहिल्या महिन्यातच वहीत मांडला होता : दिवसाला सरासरी सव्वातीनशे किलोकॅलरी, डोंगराचे वेगळे. एका मोठ्या भाकरीचे पीठ साधारण तेवढेच भरते. तेव्हापासून माझ्या ताटात एक भाकरी वाढली, आणि परतल्यावर मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा. आम्ही भातमासळीवर वाढलेली माणसे. भाकरी आमच्या पोटाला नवी होती. पण शाळूची पांढरीशुभ्र भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वसईहून आलेले सुके बोंबील हे मिश्रण जगात आमच्या घराशिवाय कोठे होत असेल असे वाटत नाही, आणि ते उत्तम लागते. धावण्याच्या जगात केनियाच्या डोंगराळ भागातील धावपटूंचा दबदबा आहे. त्यांच्या अन्नाचा अभ्यास झाला तेव्हा आढळले ते काय? मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, पालेभाजी, घेवडा, थोडे मांस आणि भरपूर दूध-साखरेचा चहा. आपल्या भाकरी-कोरड्यासाच्याच घरातले हे अन्न. त्यात गुपित काही नाही. ते पोटभर खातात, एवढेच.

औंधच्या रस्त्यावर पहाटे मी एकटा नसतो. पाच वाजल्यापासून मुले-मुली धावत असतात. यांच्यात हौसेने धावणारे थोडे, भरतीसाठी धावणारे फार. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. एकूण ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे. शेतीला पाणी नाही, कारखान्यात नोकरी नाही, अशा घरातील मुलामुलींचे सगळे आयुष्य त्या काही मिनिटांत अडकलेले असते. माझ्या धावण्याला ‘छंद’ हा शब्द त्यांच्यासमोर वापरताना जीभ थोडी अडखळते.

त्यांच्यातल्या एका मुलीविषयी लिहायचे आहे. तिचे नाव आणि वाडी येथे लिहीत नाही. तिने लिहायला हरकत घेतलेली नाही, पण छापलेले नाव फार दिवस टिकते. वय वर्षे वीस. अंगाने सडपातळ, रंगाने सावळी, धावताना मान जराही न हलवणारी. मला ती ‘काका’ म्हणे आणि माझ्या पत्नीला, सगळा गाव म्हणतो तसे, ‘सिस्टर’. सपाटीवर ती मला हसत मागे टाकी. डोंगरावर तर ती दिसेनाशीच होई. माथ्यावरून उतरताना समोरून भेटली की म्हणे, “काका, अजून हितंच?”

त्या हिवाळ्यात तिने धावणे वाढवले. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, शिवाय एक दिवसाआड डोंगर. आणि वेळ सुधारण्याऐवजी बिघडत गेली. तीन मिनिटे पाच सेकंदांत होणारे ८०० मीटर सव्वातीन मिनिटांवर गेले, मग वीस सेकंदांवर. तिच्या सोबतच्या मुलांनी सल्ला दिला : अजून धाव. कोणी म्हणाले, वजन कमी कर, हलकी हो. तिने दोन्ही केले. सोमवार आणि एकादशी आधीच होत्या. त्यांत गुरुवारची भर पडली. सकाळी कोरा चहा घेऊन ती घराबाहेर पडे. परत येऊन शेळ्यांचे, पाण्याचे, धुण्याचे काम उरके. अकराला सगळ्यांची जेवणे झाल्यावर ती आणि आई बसत, आणि टोपल्यात जे असेल ते खात.

त्याच घरात तिचा धाकटा भाऊ तालमीत जातो. सातारा, सांगली, कोल्हापूर हा कुस्तीचा मुलूख. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. येथे पैलवानाच्या अन्नाला अन्न म्हणत नाहीत, ‘खुराक’ म्हणतात, आणि त्या शब्दात एक प्रकारचे पावित्र्य असते. भावासाठी रोज दोन लिटर म्हशीचे दूध राखलेले. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी खलून थंडाई. तूप, अंडी, खारका, आठवड्याला मटण. एका पैलवानामागे घर कर्जात जाते असे म्हणतात, आणि तरी बाप हौसेने घालतो. मी याची थट्टा करीत नाही. जोर-बैठका काढणारे शरीर काय मागते हे या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि ते देण्यासाठी ती पोटाला चिमटा घेतात. शहाणपण घरात होते. ते त्याच ओसरीवर बसलेल्या मुलीपर्यंत मात्र पोहोचत नव्हते, कारण ती कुस्ती खेळत नव्हती, नुसती पळत होती. आणि पळणाऱ्याने हलके असावे, असा सगळ्यांचा पक्का समज होता.

फेब्रुवारीत एका सकाळी ती लंगडताना दिसली. नडगीच्या हाडावर एक ठिकाण बोटाने दाबले की कळ येई. रात्रीही ठणके. मी तिला घरी आणले. पत्नीने पाय पाहिला आणि मला दूध आणायला बाहेर पाठवले. दूध घरात होते. मी मुकाट्याने गेलो.

तिने काय विचारले ते मला नंतर कळले. पाळी केव्हा आली होती? मुलीने बोटांवर मोजले. सात महिने झाले होते. कोणाला सांगितले होते का? आईला. आई म्हणाली होती, पळापळीने होते तसे, बरेच झाले, भरतीच्या वेळी कटकट नाही.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासणी केली. रक्तातले हिमोग्लोबिन साडेनऊच्या आत-बाहेर. नडगीच्या हाडाला ताणाने पडलेली बारीक भेग. ही भेग साध्या क्ष-किरण चित्रात सुरुवातीला बहुधा दिसत नाही, त्यासाठी मोठी तपासणी लागली. निदानाचा गाभा मात्र हाडात नव्हता, ताटात होता. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘खेळाडूची सापेक्ष ऊर्जान्यूनता’ म्हणता येईल. नाव जड आहे, पण व्यवहार सोपा. ज्यांच्या पगारातून कर्जाचा हप्ता परस्पर वळता होतो त्यांना तो लगेच उमजेल. आपण खातो त्यातून धावण्याचा हप्ता आधी कापला जातो. जे उरेल त्यात हृदय, मेंदू, आतडी, रक्त, हाडे, गर्भाशय या सगळ्यांनी घर चालवायचे. उरलेले पुरेनासे झाले की शरीर काटकसर सुरू करते. जे आज नसले तरी चालेल ते आधी बंद. म्हणून पाळी थांबते. पाळीबरोबर हाडांना बळ देणारे संप्रेरकही आटते. माणूस बाहेरून धावतच असतो. वेळ घसरते, झोप बिघडते, चिडचिड होते, आणि एक दिवस हाड बोलते. हे फक्त मुलींचे नाही, पुरुषांचेही होते. पण पाळी थांबणे ही निसर्गाने मुलींना दिलेली आगाऊ सूचना, आणि आपल्याकडे ती सुटका समजून साजरी केली जाते, याचे मला फार वाईट वाटले.

खरे अवघड काम पुढे होते. गोळ्या लिहून देणे डॉक्टरांच्या हाती. घरातल्या टोपल्याची व्यवस्था बदलणे कोणाच्या हाती? पत्नी म्हणाली, आपण जाऊ. एका रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो. ओसरीवर बसलो. चहा आला. वडील शांत गृहस्थ, मोजके बोलणारे. आई दाराआड. बोलण्याची सूत्रे आजीकडे होती.

“आवो सायेब,” आजी म्हणाली, “पळनाऱ्या पोरीनं हलकंच ऱ्हायाला पायजे. हरीन कदी जाड बघितलंय का?”

मला उत्तर सुचेना. पत्नीला सुचले. ती म्हणाली, “आजी, हरीण दिवसभर चरतं. तुम्ही हिला चरू कुठं देता?”

आजी पदर तोंडाला लावून हसली. वडील हसले नाहीत. ते बराच वेळ अंगणातल्या म्हशीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “सिस्टर, पैलवानाला खुराक लागतो तसा पळनाऱ्यालाबी लागतो म्हणता?”

“लागतो. वेगळा लागतो, पण लागतो.”

“मंग ह्ये आदी कुनी सांगितलं न्हाई.” त्यांच्या स्वरात राग होता की खंत, मला ठरवता आले नाही. मुलगी खांबाला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते पायाच्या दुखण्याचे नव्हते.

पत्नीने काही परके सांगितले नाही. पंढरपुरी म्हशीचे दूध घरचेच. शेंगदाणे घरचे; शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर किलोकॅलरी आणि पाव हिस्सा प्रथिने, बदामाला मागे सारतील अशी. भाकरी सकाळी धावून आल्याबरोबर, अकरापर्यंत थांबायचे नाही. धावायला जाण्यापूर्वी चहाबरोबर गुळाचा खडा आणि एखादे केळे. जेवणाबरोबर चहा नाही, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड. मटण शिजेल तेव्हा तिलाही वाटा. उपासाचा विषय निघाला तेव्हा आजीची मुद्रा बदलली. आम्ही दुसऱ्या धर्माची माणसे. आम्ही त्यात बोलणे शोभणारे नव्हते. पत्नी एवढेच म्हणाली, “आमच्यातही उपवास आहेत. पण आजाऱ्याला माफी असते.” आजीने क्षणभर विचार केला. “आजारी हाय व्हय ही?” तिने विचारले, आणि स्वतःच मान हलवून आत गेली. परत आली ती हुलग्याच्या माडग्याचा वाडगा घेऊन. माणदेशात हे दुष्काळातले अन्न. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाची जिरे-लसणाची पातळ पेज. आजीने तो वाडगा सगळ्यांसमोर नातीच्या हातात दिला. त्या घरात सर्वांआधी तिच्या हातात अन्न येण्याचा तो पहिला प्रसंग असावा, असे मला तिच्या आईच्या चेहऱ्यावरून वाटले.

दोन महिने तिने धावणे सोडले. धावपटूला हे किती जड जाते ते धावणाराच जाणे. भरतीची जाहिरात त्याच काळात आली आणि ती चाचणी तिच्या हातून गेली. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन नुसती बसून राहिली. अशा वेळी सांत्वनाचे शब्द मला नेहमीच पोकळ वाटतात. मी तिला ललिता बाबरची हकीकत सांगितली. ती तिला माझ्याहून जास्त ठाऊक होती. ललिता शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, दुष्काळी शेतकऱ्याची मुलगी. मुंबईची मॅरेथॉन गाजवल्यावर तिने अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडे मोर्चा वळवला. २०१४ च्या आशियाई खेळांत कांस्य, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक. पी. टी. उषाच्या १९८४ च्या त्या प्रसिद्ध शर्यतीनंतर धावमार्गावरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरीतून ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. रिओच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, हे सेकंदाच्या शतांशासह त्या मुलीने मला सांगितले. मग म्हणाली, “काका, ती काय खात आसंल?” हा प्रश्न तिने यापूर्वी कधी विचारला नव्हता.

मे महिन्यात तिची पाळी परत आली. हे मी लिहावे की नाही याविषयी मी साशंक होतो. पत्नी म्हणाली, सगळ्या लेखात तेवढेच महत्त्वाचे आहे, तेच गाळू नका. जूनमध्ये ती आधी चालू लागली, मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, मग हळूहळू सलग. डोंगर सर्वांत शेवटी. पहिल्या दिवशी मी तिच्या बरोबरीने धावलो. बरोबरीने धावण्याची संधी मला पुन्हा मिळणार नव्हती हे ठाऊक असल्याने मी ती पुरेपूर घेतली. तिचे वजन चार किलोंनी वाढले होते. वाडीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी भरली, आता कसली पळतीय. ८०० मीटरला तिला तीन मिनिटे लागली नाहीत.

सातारा शहरात २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. पावसाळ्याच्या अखेरीस, पोलीस कवायत मैदानावरून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या वाटेवर माथ्यापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने उतरायचे. एकूण २१ किलोमीटर. पहिला अर्धा चढाचा, दुसरा उताराचा. म्हणजे आधी फुप्फुसे, मग मांड्या. मी एकदा धावून आलो होतो. पुढच्या वर्षी पत्नीने आमच्या दोघांची नावे नोंदवली. ८०० मीटरवालीने २१ किलोमीटर कशाला, असे तिच्या सोबत्यांनी विचारले. तिचे उत्तर मला आवडले. ती म्हणाली, “ह्ये भरतीसाठी न्हाई. ह्ये आसंच.”

घाटात धुके होते आणि बारीक पाऊस. ठिकठिकाणी ढोल-ताशे, रेनकोट घातलेली शाळेतली मुले टाळ्या वाजवणारी. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला अंगावर ताठ कपडे असलेले पुण्या-मुंबईचे धावपटू आखूड पावलांवर आले. मी माझ्या मुंगीच्या चालीने चढत होतो. माथ्याच्या अलीकडे समोरून ती उतरताना दिसली, मान न हलवता. तिने हात वर केला. त्या हातात गूळ-शेंगदाण्याचा लाडू होता, अर्धा खाल्लेला. आजीने सहा करून दिले होते, त्यांतले दोन माझ्याही खिशात होते. मी वर पोहोचेपर्यंत ती बहुधा घाट उतरून शहरात शिरली असेल. मैदानावर मी पोहोचलो तेव्हा ती कपडे बदलून, पदक गळ्यात घालून, पोह्यांची दुसरी बशी संपवीत बसली होती.

नंतरच्या भरतीत धावण्याचे गुण तिला चांगले पडले, गोळाफेकीत मात्र ती मागे राहिली आणि निवडीच्या यादीत नाव आले नाही. पुढच्या जाहिरातीची ती वाट पाहत आहे. गोळा तिच्या वडिलांनी वडूजहून आणून दिला आहे आणि संध्याकाळी खळ्यावर तो फेकताना भाऊ अंतर मोजतो. गेल्या आठवड्यात वडील बाजाराच्या दिवशी भेटले. थांबून बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाही, पण थांबले. दूध पुरेना झाले आहे, म्हणाले. दोघांचा खुराक झाला आता. दुसरी म्हैस पाहतोय.